कवठे महांकाळ परिसरातील एकदिवसीय सहली

कवठे महांकाळ हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. स्वतः कवठे महांकाळ पर्यटनस्थळ म्हणून ओळखले जात नाही. गावाला ज्या महांकाली देवीवरून नाव मिळाले, तिचे मंदिर हेच येथील मुख्य आकर्षण होय. मात्र मिरज-पंढरपूर या जुन्या वाटेवर आणि कृष्णाकाठ व माणदेश या दोन अगदी भिन्न प्रदेशांच्या सीमेवर वसलेले असल्याने, येथे मुक्काम करून सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशी बरीच ठिकाणे आहेत. पश्चिमेला गेल्यास ऊस, हळद व संगीताचा मुलूख लागतो, तर पूर्वेला व उत्तरेला गेल्यास मेंढरे, खिलार बैल आणि धनगरांची दैवते भेटतात.

'कवठे' नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असल्याने दैवताचे किंवा अन्य विशेषण जोडून ती वेगळी ओळखली जातात. याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे होणाऱ्या आतषबाजीसाठी ते प्रसिद्ध आहे. बाहेरून येणाऱ्यांची या दोन गावांत गल्लत होते, म्हणून गाडी ठरवताना पूर्ण नाव सांगणे इष्ट.

भौगोलिक पार्श्वभूमी

तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला शिराळा तालुक्यात सह्याद्रीचा पाऊस कोसळत असतो, तेव्हा कवठे महांकाळ व जत येथे आकाश नुसतेच भरून राहते. खानापूर तालुक्यात उगम पावणारी अग्रणी नदी तासगाव व कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहत कर्नाटकात कृष्णेला मिळते. दीर्घकाळ वर्षातील बहुतेक महिने कोरड्या राहणाऱ्या या नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम २०१० च्या दशकात लोकसहभागातून झाले. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेद्वारे मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या पठारावर आणले जाते. माळरानाच्या मधोमध अचानक दिसणाऱ्या हिरव्यागार द्राक्षबागा या पाण्याच्या आणि टँकरने बागा जगवलेल्या वर्षांच्या खुणा आहेत.

दंडोबा व गिरलिंग

सर्वांत जवळची सहल दंडोबाच्या डोंगराची. मिरजेकडे जाताना भोसे गावाजवळून डोंगरावर रस्ता जातो. आजूबाजूचा प्रदेश उघडाबोडका असताना या डोंगरावर वन विभागाने राखलेले वन आहे, आणि तेच या जागेचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. डोंगराच्या पोटात खोदलेले महादेवाचे गुहामंदिर असून स्थानिक परंपरा ते सिंघण राजाच्या काळातील मानते. श्रावणात येथे भाविकांची, तर पावसाळी रविवारी सहलीला येणाऱ्यांची गर्दी असते. मार्चनंतर गवत वाळलेले असल्याने वणव्याचा धोका मोठा असतो. पर्जन्यछायेतील वन एकदा जळाले की पुन्हा उभे राहण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे या काळात डोंगरावर चूल पेटवणे किंवा जळती विडी टाकणे हा किरकोळ प्रमाद ठरत नाही.

तालुक्यातीलच कुकटोळी गावाजवळचा गिरलिंग डोंगर तुलनेने निर्जन आहे. या डोंगराला 'जुना पन्हाळा' असेही म्हणतात. येथेही कातळात कोरलेली लेणी आणि शिवमंदिर आहे. दंडोबा व गिरलिंग एका दिवसात सहज पाहून होतात.

आरेवाडीचे बन

तालुक्यातील आरेवाडी येथील बिरोबाचे देवस्थान 'बिरोबाचे बन' या नावाने ओळखले जाते. बिरोबा हे धनगर समाजाचे प्रमुख दैवत असून महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील मेंढपाळ कुटुंबे येथे येतात. चैत्रातील यात्रेत भंडाऱ्याची उधळण, ढोलांच्या तालावरील गजनृत्य आणि रात्रभर चालणाऱ्या धनगरी ओव्या अनुभवता येतात. एरवी हे ठिकाण शांत असते.

आरेवाडीचे महत्त्व केवळ यात्रेपुरते नाही. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या पशुपालकांच्या दैवतांचा मौखिक परंपरेच्या आधारे अभ्यास केला. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या दैवतात असल्याची मांडणी केली. धनगरी कथांत तर विठोबा आणि बिरोबा एकमेकांचे सोबती म्हणूनच येतात. हे लक्षात ठेवून सकाळी आरेवाडी पाहून दुपारी पंढरपूर गाठले, तर ढेरे यांच्या मांडणीतील दोन टोके एकाच दिवसात पाहता येतात. पंढरपूर येथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. मात्र आषाढी व कार्तिकी एकादशीच्या सुमारास एका दिवसात जाऊन दर्शन घेऊन परतणे शक्य होत नाही.

मिरज

पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवरील मिरजेसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे दफन असून, उरुसानिमित्त त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा होतात. अंबाबाई मंदिरात नवरात्रात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. दोन धर्मस्थळांनी एकाच कलेला वर्षानुवर्षे दिलेला हा आश्रय मिरजेची ओळख ठरला आहे.

शहरातील सतारमेकर गल्लीत सतार, तानपुरा व इतर तंतुवाद्ये हाताने घडवली जातात. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा व्यवसाय स्वीकारला. त्यात फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. वाद्याचा तुंबा ज्या कडू भोपळ्यापासून बनतो, तो मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर परिसरातील भीमाकाठाहून येतो. म्हणजे कवठे महांकाळवरून जाणारी ही वाट वारकऱ्यांची आहे, तशीच भोपळ्यांचीही आहे. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिरांची संख्या मात्र घटत असून, विजेवर चालणाऱ्या तानपुऱ्याने मागणीवर परिणाम केला आहे. कारखान्यात पाहुण्यांना काम पाहू दिले जाते, पण स्वर जुळवण्याचे काम चालू असताना शांतता पाळणे अपेक्षित असते.

मिरजेहून सांगली जवळच आहे. पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेले गणपती मंदिर, १९२९ चा आयर्विन पूल आणि हरिपूर येथील कृष्णा-वारणा संगम ही तेथील प्रमुख स्थळे.

तासगाव आणि बेदाणा

तासगावचे गणपती मंदिर परशुरामभाऊ पटवर्धन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. कर्नाटकातील मोहिमांत पाहिलेल्या मंदिरांच्या धर्तीवर उभारलेले त्याचे सात मजली गोपुर महाराष्ट्रात वेगळे उठून दिसते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येथे रथोत्सव होतो.

तासगाव-कवठे महांकाळ रस्त्यावर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात प्रवास केल्यास रस्त्याकडेला जाळीचे अनेक मजले असलेल्या लांबट शेड दिसतात. त्यांत द्राक्षांचा बेदाणा होतो. पिकलेले घड पोटॅशियम कार्बोनेट व 'डिपिंग ऑइल'च्या द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरील मेणचट थर सैल होऊन आतील पाणी लवकर निघून जाते. नंतर मणी जाळ्यांवर पसरून सावलीतच सुमारे दोन आठवडे वाळवतात. उन्हात वाळवल्यास रंग काळपट होतो. ज्या कोरड्या हवेने या तालुक्याची शेती शतकानुशतके अडवून धरली, तीच हवा बेदाण्याला मानवते. मात्र याच दिवसांत एखादी अवकाळी सर आली, तर जाळीवरचा माल डागाळून वर्षभराचे उत्पन्न एका रात्रीत उतरते. शेडवर गेलेल्या पाहुण्याला मूठभर बेदाणा हातावर मिळतोच, परंतु आभाळ आलेल्या दिवशी तेथे गप्पा मारत उभे राहू नये. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे.

नागजपासून दोन दिशा

कवठे महांकाळच्या पूर्वेस नागज येथे सांगली-सोलापूर महामार्गाला गुहागर-विजयपूर मार्ग छेदतो. येथून दक्षिणपूर्वेला जत तालुका लागतो. गुड्डापूर येथे बाराव्या शतकातील शरण परंपरेतील दानम्मादेवीचे मंदिर असून कार्तिक अमावास्येच्या यात्रेसाठी कर्नाटकातून पायी दिंड्या येतात. मंदिराच्या आवारात मराठीपेक्षा कन्नड अधिक ऐकू येते. याच तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने मेंढीची एक जात ओळखली जाते. उंच बांधा आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक ही तिची खूण.

नागजहून वायव्येला भिवघाटमार्गे बाणूरगड किंवा भूपाळगड गाठता येतो. १६७९ मध्ये दिलेरखानाने हा किल्ला घेतला, तेव्हा संभाजीराजे त्याच्या छावणीत होते. किल्ला पडल्यावर हाती लागलेल्या सुमारे ७०० जणांचा एकेक हात तोडण्यात आला. गडावर आज वस्ती आहे व अवशेष थोडेच उरले आहेत, परंतु शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची म्हणून दाखवली जाणारी समाधी पाहण्यासाठी इतिहासप्रेमी येथे आवर्जून येतात. जवळच्या दरीत शुकाचार्यांचे स्थान असून तेथील झरा आणि दाट झाडी या भागात दुर्मीळ आहे. पुढे आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाचे देवस्थान आहे. तेथील यात्रांत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज कमी झाली असली, तरी खिलार पारखणारी जाणती मंडळी अजून या बाजारात भेटतात.

प्रवास

मिरज-पंढरपूर लोहमार्गावर कवठे महांकाळ स्थानक आहे. हा मार्ग १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने अरुंदमापी म्हणून सुरू केला होता. एकविसाव्या शतकात तो रुंदमापी झाला. मिरज व पंढरपूरसाठी रेल्वे किंवा एसटी सोयीची पडते. गिरलिंग, आरेवाडी आणि बाणूरगड येथे मात्र स्वतःचे वाहन नसल्यास परतीचा प्रश्न उद्भवतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास योग्य आहे. एप्रिल-मेमध्ये डोंगरावरील सहल सकाळी दहाच्या आत उरकावी आणि पाणी सोबत न्यावे.