पुलावरून नको, पुलाखालून पाहा

पावसाळ्यातल्या रविवारी हिंजवडीतले तुम्ही बरेच जण मुळशीकडे, मावळात जाता. वाटेत एखाद्या गावच्या नदीवर काँक्रीटचा जुना पूल लागतो. कठड्याला टेकून आपण पाणी पाहतो. माझं म्हणणं एवढंच, की उन्हाळ्यात नदी आटली की एकदा त्याच पुलाच्या खाली जाऊन या.

का? काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. सिमेंट क्षारधर्मी असल्यामुळे आतली सळई वर्षानुवर्षं गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा क्षारपणा कमी होतो. मग ओल पोचली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून रेटतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. वर मात्र नवं डांबर, अगदी गुळगुळीत! खाली गेलात तरच सळईच्या रेषेत पडलेली भेग, तांबूस ओघळ, खांबाच्या पायथ्याची वाहून गेलेली माती दिसते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. १५ जून २०२५ ला, रविवारीच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जणांचा जीव गेला. एक दगडी, दुसरा लोखंडी. म्हणजे प्रश्न एकट्या काँक्रीटचा नाही.

प्रश्न आपल्या अनुमानाचा आहे. ‘इतकी वर्षं टिकलाय, आजही टिकेल,’ असं आपण म्हणतो. चार्वाकांनी नैयायिकांना हेच विचारलं होतं: जे आजवर दिसलं ते पुढेही तसंच असेल, हे कशावरून? पुलाच्या बाबतीत तर गंमत अशी, की ‘इतकी वर्षं’ हीच भरवशाची खूण आणि तीच म्हातारपणाचीही. एकाच पुराव्यातून दोन उलटे निष्कर्ष निघतात! मग निवाडा कोण करणार? तपासणी. पावसाळ्याआधी आणि नंतर कुणीतरी खाली उतरून पाहिलं, तरच आपल्या भरवशाला आधार असतो. नाहीतर तो नुसता गाफीलपणा. ‘पूल धोकादायक आहे’ अशी पाटी लावली, की तपासणी झाली असंही नव्हे.

तेव्हा खाली काही दिसलं, तर फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवा. आपण रविवारी जातो. गावातली पोरं त्याच पुलावरून रोज शाळेत जातात.