सेवाग्राम आश्रमवास्तू

महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील, वर्धा शहराच्या पूर्वेस सु. ८ किमी. वर असलेला महात्मा गांधींच्या आश्रमातील कुट्यांचा समूह. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या भारतीय वास्तुकलेतील एका स्वतंत्र विचाराचे हे प्रमुख उदाहरण होय. याच काळात नवी दिल्ली या राजधानीचे उद्घाटन झाले (१९३१) आणि मुंबईत रीगल (१९३३) व ईरॉस (१९३८) ही आर्ट डेको शैलीतील चित्रपटगृहे उभी राहिली. सेवाग्रामात मात्र खेड्यातील घरबांधणीच प्रमाण मानण्यात आली.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले. प्रथम ते मगनवाडीत राहिले व ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावमुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

आदिनिवास ही येथील पहिली वास्तू. खर्च अल्प असावा आणि साहित्य व कारागीर परिसरातीलच असावेत, अशी गांधीजींची अट होती. आदर्श खेड्यातील घरे पाच मैलांच्या (सु. ८ किमी.) परिघात मिळणाऱ्या साहित्याची असावीत, हा विचार त्यांनी हरिजन पत्रातून मांडला (१९३७). बापूकुटी मूळची मीराबेन यांची. पुढे गांधीजी तीत राहू लागले. मातीच्या भिंती, लाकूड व बांबू यांचा सांगाडा, कवेलूंचे उतरते छप्पर, भोवती पडव्या आणि सारवलेली जमीन ही तिची वैशिष्ट्ये होत. भिंतींवर मीराबेन यांनी चरखा, ताडवृक्ष इ. आकृती मातीतच उठावात घडविल्या आहेत.

या रचनेत हवामानाचाही विचार आहे. मातीची जाड भिंत सावकाश तापते, त्यामुळे विदर्भाच्या कडक उन्हाळ्यातही आतील भाग तुलनेने थंड राहतो. खाली उतरलेले छप्पर भिंतींचे ऊन व पावसापासून रक्षण करते. तथापि अशा वास्तूस नियमित लिंपण, सारवण व कवेलूंची फेरणी यांची गरज असते. म्हणून तिचे जतन केवळ मूळ साहित्य टिकविण्याने साधत नाही. ते काम जाणणारे हातही टिकावे लागतात. गांधीजींनी १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले. परंतु अल्प साधनांत पुरेसे घर कसे असावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून या कुट्या आजही अभ्यासल्या जातात.