बेकारी विमा : अर्ध्या रोजगाराचं काय?

नवरात्रात, दत्तजयंतीला माहूर या तीर्थक्षेत्रातल्या हॉटेलांना, लॉजना, प्रसादाच्या दुकानांना माणसं पुरत नाहीत. गर्दी ओसरली की त्याच हातांना आठवड्यातून दोन-तीन दिवस काम मिळालं तरी पुष्कळ. अशांसाठी विमा आखायचा तर आधी काही गैरसमज बाजूला सारायला हवेत.

गैरसमज : आपल्याकडे बेकारी विमा नाहीच.
वस्तुस्थिती : आहे, पण मोजक्यांसाठी. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने (ईएसआयसी) २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता, तोही आयुष्यात एकदाच. २०२० मध्ये तो सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के झाला. मात्र ईएसआयचा हप्ता भरला जात नसेल, तर दारच बंद.

गैरसमज : दोन दिवस काम आहे ना, मग बेकार कसला?
वस्तुस्थिती : श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. विम्याने मात्र बुडालेले दिवस मोजायला हवेत.

गैरसमज : रोजगार हमी आहे, विमा कशाला?
वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा हमी कायदा १९७७ चा, त्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता ठरवला : पहिले ३० दिवस किमान पाव मजुरी, पुढे निम्मी. पण हमी नवं काम देते; हॉटेलातली बुडालेली रोजी भरून देत नाही.

गैरसमज : मालक रोज बदलतो, हप्ता कोण भरणार?
वस्तुस्थिती : १९६९ च्या माथाडी कायद्याने वाट दाखवली आहे. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे; नोंदणी मात्र माथाडी मंडळाकडे. प्रत्येक व्यापारी मजुरीवर लेव्ही भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मंडळ सांभाळतं.

गैरसमज : भत्ता माणसाला आळशी करतो.
वस्तुस्थिती : ते नियमावर आहे. एक दिवस काम केलं की सगळा भत्ता बंद, असा नियम असेल तर माणूस ते काम टाळेल किंवा लपवेल. जर्मनीत कंपनीने कामाचे तास घटवले तर बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के भरपाई मिळते. काम चालूच राहतं. आपल्याकडेही शंभर रुपये कमावले तर भत्त्यातून पन्नासच कापावेत.

एक अडचण उरते. माहुरात हंगाम संपला की सगळ्यांचंच काम एकदम आटतं. गावापुरता निधी पहिल्याच मंदीत रिता होईल. म्हणून हॉटेल-दुकानांकडून अशी लेव्ही गावोगाव गोळा झाली, तरी तिजोरी राज्याची एकच हवी.