नाल्याचं पाणी आणि क्रिस्परचा तास

सकाळी ७.१५
प्रयोगशाळा सहायक दादा साडेसातला येतात, पण इन्क्युबेटरमधल्या प्लेटी बघितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून कुलूप मीच उघडते. काल तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी चोपडा गावाबाहेरच्या नाल्याचं पाणी गाळून ई. कोलाय जीवाणूंवर घातलं. रात्रभर ३७ अंशांवर राहिलेल्या प्लेटीवर जीवाणूंचा दुधाळ थर आलाय आणि त्या थरात गोल, आरपार दिसणारे ठिपके आहेत. एकेका ठिपक्याच्या जागी एका विषाणूनं शिरकाव केला, त्याची पिलावळ झाली आणि तिनं आजूबाजूचे जीवाणू फोडून टाकले. या विषाणूंना फेज म्हणतात. नाल्यात ते अगणित असतात.

८.००
प्रॅक्टिकल. मऊ अगार ४५ अंशांच्या पाण्यातून काढला, की फेज आणि जीवाणू मिसळून लगेच प्लेटीवर ओतायचा. थंडीच्या दिवसांत हात जरा रेंगाळला तर अगार नळीतच गोठतो आणि प्लेटीवर गुठळ्या पडतात. एप्रिलमध्ये आमच्याकडे ही घाई नसते.

परवाची एक प्लेट मी मुद्दाम ठेवून दिली होती. तिच्यातल्या स्वच्छ ठिपक्यांत आता जीवाणूंच्या बारीक वसाहती उगवल्यात. विषाणूचा हल्ला झाला तरी हे जगले. कसे, असं विचारलं तर निम्मा वर्ग ओरडला, "क्रिस्पर!" मला आनंद झाला, पण उत्तर चूक होतं. फेज ज्या खुंटीला धरून आत शिरतो, ती पृष्ठभागावरची खुंटीच बदललेले जीवाणू इथे बहुतेक वेळा तगतात. ई. कोलायमध्ये क्रिस्पर ही विषाणूंशी लढणारी यंत्रणा आहे. जपानमध्ये योशिझुमी इशिनो यांच्या गटाला १९८७ मध्ये तिचे विचित्र, पुन्हापुन्हा येणारे डीएनएचे तुकडे याच जीवाणूत दिसले होते. पण प्रयोगशाळेतल्या वाणांत ती यंत्रणा एरवी दबलेली असते. जे दिसतं त्याला गाजलेलं नाव चिकटवायची घाई करू नका, हे मी दरवर्षी सांगते.

१०.३०
आजचा क्रिस्परचा तास मी आठवडाभर मनात घोळवत होते.

दह्याच्या विरजणात असणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस इथे कामाचा. दुग्धउद्योगात फेज शिरला की टाकीच्या टाकी वाया जाते. डॅनिस्को कंपनीतले रोडॉल्फ बरांगू, फिलिप होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यांनी फेजच्या हल्ल्यातून वाचलेले जीवाणू तपासले, तेव्हा त्यांच्या डीएनएत त्याच फेजचे नवे तुकडे जडलेले सापडले. तुकडा काढून टाकला की प्रतिकार गेला, घातला की आला. हा २००७ चा शोधनिबंध. जीवाणू शत्रूचा पुरावा आपल्या गुणसूत्रात साठवतो, त्याची आरएनए प्रत काढतो, आणि कॅस नावाचं प्रथिन ती प्रत घेऊन फिरतं. जुळणारा डीएनए दिसला की कापतं.

मग कोपऱ्यातल्या बाकावरून अपेक्षित प्रश्न आला: मॅडम, तो तुकडा जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतपण आहे ना? मग तो स्वतःलाच का नाही कापत?

हा प्रश्न आला की माझा तास वसूल होतो. ठाण्याच्या भिंतीवर फरारी आरोपीचा फोटो असतो, पण हवालदार फोटोला बेड्या घालत नाही. माणसाजवळ असलेली एक खूण फोटोजवळ नसते. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसच्या कॅस-९ ला ही खूण म्हणजे लक्ष्यापुढे एक अक्षर सोडून येणारी 'जीजी' ही अक्षरं. फेजच्या डीएनएत ती सापडतात, जीवाणूच्या साठवणीत तुकड्याच्या शेजारी ती नसतात. म्हणून तुकड्याची वीस अक्षरं जुळूनही कॅसची कात्री आपल्या घरात चालत नाही.

२०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं, की या यंत्रणेतले दोन आरएनए जोडून एक करता येतात आणि त्यातली वीस अक्षरं आपल्या मर्जीनं बदलता येतात, म्हणजे हवा तिथे डीएनए कापता येतो. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींना मिळालं. इथे मी आवाज चढवून सांगते: आजार बरा करायला म्हणून ही वाट कुणी धरली नव्हती. विरजण का वाचलं, हे कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं.

१.००
डबा. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.

१.४०
पाड्यावरून येणारी एक पावरा समाजातली विद्यार्थिनी दारात थांबली. तिच्या मावशीच्या मुलाकडे लाल कार्ड आहे, म्हणजे त्याला सिकलसेल आहे. हातपाय ठणकायला लागले की रात्र रात्र झोप नाही. सातपुड्याच्या पायथ्याला हा आजार नवा नाही. "मॅडम, ती कात्री त्याला चालंल का?"

बारकाईनं सांगायला हवं होतं. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' होतं, एवढ्यानं लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबरमध्ये मान्यता दिली. त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून बीसीएल-११-ए या जनुकाचा लगाम सैल करतात, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. परत घालण्याआधी केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. हा आकडा सांगताना मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती यांचा गट फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूच्या कॅस-९ वर काम करतो. अक्षरं नीट जुळली नाहीत तर हे प्रथिन कापायला कचरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर आधारलेला, बिरसा मुंडांच्या नावाचा 'बिरसा १०१' हा सिकलसेलवरचा उपचार जाहीर झाला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. चोपड्याच्या रुग्णालयात तो आज नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

आज आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही गर्भातलंच हिमोग्लोबिन वाढवते, थोड्या प्रमाणात. ती नियमित घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. मावसभाऊ गोळी घेतो का, तर म्हणे बरं वाटलं की सोडून देतो.

"आणि तुझी तपासणी?"
"नाही झाली. धाकट्या भावाचीपण नाही."

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी धरली आहे. त्यात ही दोघं बसतात.

३.३०
प्लेटी ऑटोक्लेव्हला लावल्या आणि आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांना फोन केला. गुरुवारी दहाला या म्हणाले. रक्ताच्या थेंबानं नळीतलं द्रावण गढूळ झालं तर रक्त इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीला पाठवायचं, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे गढूळपणावरून कळत नाही. त्या विद्यार्थिनीला ती नळी स्वतः बघायची होती. तेही विचारलं, हरकत नाही म्हणाले. भावाला सोबत आणायचं, आणि मावशीच्या मुलालाही, गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन.