जुगाराकडे ख्रिस्ती धर्म कसा पाहतो?

गोव्यात किंवा वसईत चर्चच्या सणानिमित्त भरणाऱ्या मेळाव्यांत हाउझीचा खेळ हमखास असतो. तिकीट घ्यायचे, पुकारलेले आकडे खोडत जायचे आणि ओळ पूर्ण झाली की बक्षीस न्यायचे, असा हा साधा खेळ. त्यातून उरलेली रक्कम बहुधा चर्चच्या कामासाठी किंवा गरजूंच्या मदतीसाठी वापरली जाते. त्याच गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांना मात्र कॅथलिक चर्चशी निगडित संस्थांनी वेळोवेळी विरोध केला आहे. नशिबावर पैसे लावणे मांडवात चालते आणि जहाजावर पाप ठरते, हा दुटप्पीपणा नव्हे काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधायचे तर ख्रिस्ती परंपरेने जुगारातील नेमक्या कोणत्या गोष्टीला आक्षेप घेतला, हे पाहावे लागते.

बायबलमध्ये थेट मनाई नाही

जुगार खेळू नये, अशी स्पष्ट आज्ञा बायबलमध्ये कोठेही आढळत नाही. उलट, चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचे अनेक प्रसंग त्यात आहेत. यहोशवाच्या काळात इस्राएलच्या वंशांना भूमीची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच झाली. यहूदा इस्कर्योताची रिक्त जागा भरताना मत्थियाची निवडही याच पद्धतीने झाल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. मात्र या प्रसंगांत कोणी पैसे लावलेले नव्हते. चिठ्ठीद्वारे देवाचा कौल घ्यावा, हा त्यामागील हेतू होता.

वधस्तंभाखालील प्रसंग याहून वेगळा आहे. येशूला क्रुसावर खिळल्यानंतर रोमी शिपायांनी त्याच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. एकीकडे माणूस प्राण सोडतो आहे आणि दुसरीकडे त्याच्याच वस्त्रावर नशीब आजमावले जात आहे, या चित्राचा जुगारविरोधी प्रवचनांत पुढे वारंवार उपयोग झाला. याखेरीज द्रव्यलोभाविषयी पौलाने तीमथ्याला दिलेला इशारा, देव आणि धन या दोघांची एकाच वेळी चाकरी करता येत नाही ही येशूची शिकवण आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा, या तीन गोष्टींवर जुगाराविषयीचा ख्रिस्ती युक्तिवाद प्रामुख्याने उभा आहे.

आरंभीची कठोर भूमिका

सुरुवातीच्या शतकांतील चर्चने याबाबत कडक धोरण स्वीकारले होते. स्पेनमधील एल्विरा येथे इ. स. ३०५ च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीला पवित्र सहभागितेपासून दूर ठेवण्याचा नियम केला. त्याने हा नाद सोडला, तर वर्षभरानंतर त्याला पुन्हा सामावून घेता येत असे. इ. स. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेने धर्मगुरू आणि सामान्य जन या दोघांनाही फाशांची बंदी केली. रोममधील १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेचा नियम मात्र धर्मगुरूंपुरता होता. त्यांनी फासे खेळू नयेत आणि असा खेळ चालू असलेल्या ठिकाणी थांबूही नये, असे त्यात बजावण्यात आले.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. जुगारात जिंकलेल्या पैशातून दानधर्म करता येईल काय, असा प्रश्न त्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात उपस्थित केला. अल्पवयीन किंवा वेड्या माणसाकडून जिंकलेले, दुसऱ्याला लोभापायी खेळात ओढून मिळवलेले आणि कपटाने मिळवलेले धन मूळ मालकाला परत केले पाहिजे. असे धन दान करून पुण्य लाभत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हरणारा कोण आहे आणि त्याला खेळात कसे ओढले गेले, याला येथे निर्णायक महत्त्व मिळाले.

कॅथलिक मत: चार अटी

पुढे कॅथलिक नीतिशास्त्रात चार अटी रूढ झाल्या. लावलेला पैसा खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा व त्याला खर्च करण्याची मोकळीक असलेला हवा. खेळ स्वेच्छेने खेळलेला हवा. त्यात लबाडी नसावी. आणि दोन्ही बाजूंना वाजवी संधी असावी. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातील २४१३ व्या परिच्छेदात हाच विचार दिसतो. नशिबाचे खेळ आणि पैजा या मुळातच अन्यायकारक नाहीत. परंतु स्वतःच्या व इतरांच्या गरजा भागविण्यासाठी आवश्यक असलेला पैसा त्यात जाऊ लागला की ते नैतिकदृष्ट्या अस्वीकारार्ह ठरतात, असे तेथे म्हटले आहे. जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही त्यात आहे.

या गुलामीचे प्रसिद्ध उदाहरण कॅथलिक संतचरित्रातच आहे. इटलीतील कामिल्लुस दे लेल्लिस (१५५०-१६१४) हे तरुणपणी सैनिक होते आणि जुगारात त्यांनी जवळचे सर्व काही घालविले होते. कपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करण्याची वेळ त्यांच्यावर आली. तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे त्यांनी रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला. आज ते रुग्ण आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत मानले जातात.

चार अटींपैकी शेवटची अट कॅसिनोला लावून पाहिली की अडचण लक्षात येते. युरोपीय पद्धतीच्या रुलेट चक्रावर ३७ खाने असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावणाऱ्याचा आकडा आला, तर त्याला ३५ पट म्हणजे ३,५०० रुपये नफा मिळतो. खेळ समसमान असता तर हा नफा ३,६०० रुपये असावयास हवा होता. या फरकामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. एखाद्या संध्याकाळी कोणी जिंकतोही. पण जो खेळतच राहतो, त्याचे हरणे गणितानेच ठरलेले असते. हा फरक आधीपासून ठाऊक असेल तर ती फसवणूक नव्हे, असे काही कॅथलिक अभ्यासक मानतात. परंतु व्यसनाधीन झालेल्या माणसाच्या बाबतीत ‘स्वेच्छा’ कितपत उरते, हा प्रश्न तरीही कायम राहतो.

प्रोटेस्टंट पंथांचा आक्षेप

प्रोटेस्टंट पंथांनी सर्वसाधारणपणे अधिक कठोर भूमिका घेतली. चिठ्ठीचा कौल देवाचा असल्याने करमणुकीसाठी तो मागणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणे, असे अनेक प्युरिटन धर्मोपदेशक सांगत. इंग्लंडमधील थॉमस गॅटेकर यांनी १६१९ च्या आपल्या ग्रंथात हे मत खोडून काढले. फाशांचा कौल हा काही देवाचा खास निर्णय नसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

अठराव्या शतकात मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी भर दिला तो शेजाऱ्यावर. पैसा जरूर मिळवावा, पण शेजाऱ्याचे नुकसान करून नव्हे, या त्यांच्या शिकवणीत जुगारातून होणाऱ्या कमाईला जागा नव्हती. व्यापारात देणारा आणि घेणारा दोघांचाही लाभ होऊ शकतो. जुगारात एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतूनच येतो, हा या विचाराचा गाभा. माणूस आपल्या संपत्तीचा मालक नसून देवाने नेमलेला कारभारी आहे, ही धारणाही त्यामागे आहे. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने तर २०१७ मध्ये जुगाराला पाप ठरविणारा ठराव संमत केला. या पंथांतील अनेकांना चर्चच्या मांडवातील हाउझी किंवा सोडतही मान्य नाही.

अर्थात प्रोटेस्टंट जगाचा इतिहासही निष्कलंक नाही. वसाहतकालीन अमेरिकेत चर्च आणि महाविद्यालयांच्या इमारतींसाठी लॉटरीतून पैसा उभारला जात असे. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाल्यावर तिच्या निधीतून जुन्या चर्चच्या दुरुस्तीला अनुदाने मिळाली. मुक्तिफौजेने मात्र तेथे लॉटरीचा पैसा न घेण्याचे धोरण ठेवले. ब्रिटनमधील सट्टा दुकानांच्या यंत्रांवर एका डावात १०० पौंडांपर्यंत रक्कम लावता येत असे. ती मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून २ पौंडांवर आली. या मोहिमेत सेंट ऑल्बन्सचे बिशप अॅलन स्मिथ आघाडीवर होते.

हरणारा कोण?

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट मोकळी झाली. १ फेब्रुवारी २०२० पासून मात्र गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळण्यास बंदी करण्यात आली. पर्यटकांना मुभा राहिली. स्थानिक कुटुंबांना संरक्षण मिळावे, हा बंदीमागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु ख्रिस्ती नीतीच्या कसोटीवर ही तडजोड पुरती उतरत नाही. जो खेळ घरच्यांना घातक, तो पाहुण्यांना निर्धोक कसा, याचे उत्तर ती देत नाही. शेजारी कोण, या प्रश्नावर येशूने दयाळू शोमरोन्याचा जो दाखला दिला, त्यात शेजारधर्म गावाच्या वेशीपाशी थांबत नाही.

हाउझी आणि कॅसिनो यांतील फरकही या प्रश्नातूनच स्पष्ट होतो. ठराविक किमतीच्या तिकिटावर हरणाऱ्याचे घर उघड्यावर येत नाही. म्हणून कॅथलिक विचारात हाउझीला जागा आहे. तथापि ही सवलत बिनशर्त नाही. मांडवातील बक्षिसांची रक्कम वाढत गेली आणि हातावर पोट असलेला माणूस बक्षिसाच्या आशेने तिकिटांमागून तिकिटे घेऊ लागला, तर त्याच चार अटी चर्चच्या आयोजकांनाही लागू होतात.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यामागे आर्थिक नुकसान आणि व्यसनाधीनता ही कारणे देण्यात आली. मोबाइलवरील खेळात हरणाऱ्याचा चेहरा समोरच्याला दिसत नाही. किती पैसे गेले, हे घरच्यांनाही बरेचदा उशिरा कळते. त्यामुळे जिंकलेला पैसा कोणाच्या घरातून आला, हा अक्विनास आणि वेस्ली यांनी आपापल्या काळात विचारलेला प्रश्न आज विचारणे अधिक कठीण झाले आहे, आणि म्हणूनच अधिक गरजेचेही.