एक घोषणा, अनेक हेतू

माणसे एका ध्वजाखाली जमली म्हणजे ती एकाच हेतूने जमली, असे धरून चालण्याचा संस्थांतून प्रघात आहे. हा समज किती फसवा ठरतो, हे मुळशीच्या सत्याग्रहात दिसून आले. रिहे गावाहून पौडला यावे आणि पश्चिमेची वाट धरावी, म्हणजे पुढे मुळशीचा अफाट जलाशय लागतो. मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने धरण बांधले, ते मुंबईला वीज पुरविण्याकरिता. मावळ्यांची भातखाचरे त्या पाण्याखाली गेली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहाचा आरंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा सर्वांच्या मुखी होती; पण जमीन म्हणताच प्रत्येकाच्या मनात निराळीच वस्तू उभी राही. मावळ्याला ती पिढीजाद कसलेली खाचरे, तर पुण्यात राहणाऱ्या सावकाराला गुंतविलेले भांडवल. शहरातील पुढाऱ्यांच्या दृष्टीने ते सरकारशी झुंजण्याचे एक क्षेत्र होते. पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट यांनी मात्र ती घोषणा अक्षरशः घेतली होती.

आरंभी हा भेद जाणवला नाही. धरणाचे काम काही काळ थांबलेही. पुढे मोबदल्याचा प्रश्न आला, आणि एकी उसवू लागली. भाव चांगला आला की सावकाराचा हेतू सफल होई. कुळाचा मात्र तेथेच बुडे. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर घोषणेत नव्हते. कार्यालय असो वा मंडळ, चालकांनी सभासदांना ध्येयवाक्य पाठ आहे की नाही, हे तपासण्यात फारसा अर्थ नाही. निम्मे पदरात पडू लागताच कोण थांबेल आणि कोण पुढे जाईल, हे आधी विचारलेले बरे. प्रश्न अप्रिय खरा, म्हणूनच तो बहुधा राहून जातो.

साधनांविषयीही एकवाक्यता नव्हती. प्रथम पाठिंबा देणाऱ्या गांधीजींनी पुढे लढा सोडण्याचा सल्ला दिला: बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे, आणि नेत्याची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, ही त्यांची कारणे. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले १९३१ मध्ये. धरण १९२७ मध्येच पुरे झाले होते.