शटर उघडण्याआधी दहा मिनिटं

छोट्या धंद्यात मालक आजारी पडला की शटरच बंद!

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग स्वतः डॉक्टर. 'सर्च'च्या कामात बुडालेले. १९९५ मध्ये, ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. मग चालणं, योग, ध्यान, साधा आहार रोजच्या दिनक्रमात आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी ते लिहिलंय.

तुम्ही झटक्याची वाट कशाला बघता? चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून वेळ पहाटेचीच ठेवा. चहाआधी घरातच दहा मिनिटं सूर्यनमस्कार, उठाबशा. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हिशेबाच्या वहीत रोज एक खूण करा. एक दिवस हुकला? दुसऱ्या दिवशी दुप्पट नको, तेवढंच करा. गिऱ्हाईक रोज उघडणाऱ्या दुकानातच येतं. शरीराचंही तसंच आहे.